एकच बहार धरावा

वाचकहो, शनिशिंगणापूरला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. नेवासे तालुक्यातले हे गाव. नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागले, की घोडेगावला डावीकडे वळायचे. उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांची काळी शिळा, तिच्यावर ना छत ना कळस. गावातल्या घरांना चौकटी आहेत पण कवाडे नाहीत, आणि २०११ साली युको बँकेने इथे शाखा उघडली तीदेखील कुलूप न लावता, हे सारे आपण ऐकलेले आहे. पण ज्याच्या दर्शनाला आपण एवढे धावतपळत जातो, त्याच्या नावाचा अर्थ मात्र फारसा कुणी मनावर घेत नाही. शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा. एक रास ओलांडायला त्याला अडीच वर्षे लागतात, सगळा फेरा पुरा करायला साडेएकोणतीस. तीन राशींची मिळून साडेसाती होते ती याच हिशेबाने. देव असा सावकाश चालणारा, आणि शनी अमावस्येला त्याच्या दारी येणारी माणसे मात्र गाडीचे इंजिन चालूच ठेवून तेल वाहतात, असे म्हटले तरी चालेल!

ही घाई केवळ देवदर्शनापुरती असती तर आज हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ती आता आपल्या घरात शिरली आहे. पूर्वी शेतकऱ्याच्या घरात एकच धंदा असे. आता शेती आहे, शेतीला जोडून दूध आहे, थोरल्याची नोकरी आहे, सुनेची शाळा आहे, धाकट्याचे दुकान आहे. ही चांगलीच गोष्ट झाली. दुष्काळी मुलखात एका पिकावर विसंबलेल्या घराचे हाल आपल्या वडीलधाऱ्यांनी १९७२ साली पाहिले आहेत. पण हात वाढले तशी कामेही वाढली, आणि काम वाढवण्याची संधी आली की ती घेतलीच पाहिजे, न घेणारा तो नादान, असा एक समज गावोगाव पक्का झाला. त्या समजाविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

समजा, तुमच्याच घरातले आहे. थोरला मुलगा तालुक्याच्या गावी सरकारी बँकेत कारकून आहे. सकाळी उसाचे पाणी लावून, म्हातारीला औषध देऊन तो मोटारसायकलवर नोकरीला जातो, संध्याकाळी दिवेलागणीला घरी येतो. चार एकर ऊस, एक एकर डाळिंब, दोन गायी. कामावर त्याचे बरे चालले आहे. अडाणी माणसाला पावती भरून देतो म्हणून चार गावांत नाव आहे. आणि एके दिवशी अधिकारी पदाच्या बढतीचे पत्र येते. पगार वाढणार, पण बदली कुठेही होईल, परराज्यातसुद्धा. शेजारी विचारतात, पेढे कधी? सोयरे म्हणतात, आता साहेब झालात! मुलगा मात्र रात्रभर कूस बदलत असतो. त्याला ते पद नको आहे, आणि नको म्हणायची लाज वाटते आहे.

अशा मुलाला आपण काय म्हणतो? बहुतेक घरांत बाप म्हणतो, "आम्ही ढेकळं फोडली ती यासाठीच का?" बापाचे चूक नाही. त्याने दिवस काढलेले असतात. परंतु बढती म्हणजे निव्वळ पगार नव्हे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. बढती म्हणजे नवे काम, आणि ते काम करायला माणसाच्या अंगात जीव शिल्लक असावा लागतो.

भाकरी करपते तशी माणसे

तव्याखालचा जाळ फार झाला की भाकरी वरून काळी पडते आणि आत कच्चीच राहते. माणसाचेही असे होते. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. दिवसभर स्वतःचा व्यवसाय सांभाळून रात्री ते गोरगरिबांच्या मोफत दवाखान्यात राबत. तिथले मोठ्या हौसेने आलेले कार्यकर्ते काही महिन्यांत चिडचिडे, कोरडे, निरुत्साही होतात हे त्यांनी पाहिले, स्वतःच्या अंगावरही अनुभवले, आणि १९७४ साली त्याविषयी लिहिले. त्यांनी वापरलेला शब्द 'बर्नआउट'. आपला 'करपणे' त्याला अगदी चपखल बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याची तीन लक्षणे सांगितली: अंगातली शक्ती संपून जाणे, कामाविषयी मन उडणे किंवा कडवट होणे, आणि हातून होणारे काम उणे पडणे. हा रोग आहे असे संघटना म्हणत नाही. कामाचा ताण वेळीच न आवरल्याने हे घडते, असे म्हणते.

त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर २०२१ साली एक हिशेब जाहीर केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून जास्त राबणाऱ्याला मेंदूच्या झटक्याचा, ज्याला आपण लकवा म्हणतो त्याचा, धोका ३५ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त. आता नोकरीचे ४५ तास, अधिक पहाटेची धार, अधिक रात्रीच्या विजेवर उसाला पाणी, असा हिशेब तुम्ही आपल्या घरातल्या माणसाचा एकदा बोटांवर मांडून पहा. घरातल्या बाईचा मांडला तर बोटे पुरायची नाहीत.

खरे तर हे शेतकऱ्याला परक्याने शिकवावे असे काही नाही. डाळिंबाच्या झाडाला वर्षातून तीनदा फूल येते. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली भगवा जात असो नाहीतर दुसरी कुठली, जाणता बागायतदार तिन्ही बहार धरतो का? तो एक धरतो. बाकीच्या वेळी आलेली फुले झाडावरून झाडून टाकतो, पाणी तोडून ताण देतो, झाडाला निजू देतो. धरलेल्या बहारातसुद्धा गुच्छातली जादा फळे काढून टाकतो. पाहुणा आला तर त्याला ही नासाडी वाटेल; फुले आलेली आणि हा माणूस ती पाडतो आहे! पण तिन्ही बहार धरलेली बाग दोन-तीन वर्षांत कशी दिसते हे ज्याने पाहिले आहे, त्याला विचारा. उसाचा खोडवा आपण किती वेळा ठेवतो? जमिनीला बेवड लागतो, बैलाला दुपारी सावलीला सोडावे लागते, हे आपण जाणतो. पोरालाच तेवढे सोडत नाही.

वडाळ्याचा दवाखाना आणि जामखेडची वाट

आता याच परिसरातली एक खरी हकिकत सांगतो. शिंगणापूरचा फाटा म्हणजे घोडेगाव. ते ओलांडून नेवासा फाट्याकडे निघाले की वडाळा बहिरोबा लागते. या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात १९६२ साली एक तरुण डॉक्टर जोडपे दाखल झाले. रजनीकांत आरोळे, याच नगर जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या घरातला मुलगा, आणि त्यांच्या पत्नी मेबल, मूळच्या जबलपूरच्या. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. लग्न होताना दोघांनी ठरवले होते की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालायचे.

वडाळ्याला काम चांगले चालले. चांगले म्हणजे काय, तर रोग्यांची रीघ. दिवसा रोगी, रात्री अडलेली बाळंतीण, पुन्हा सकाळी रोगी. नाव झाले. १९६६ साली खेड्यातल्या वैद्यकीय कामाबद्दल डॉ. रजनीकांत यांना पॉल हॅरिसन पुरस्कारही मिळाला. कुणीही म्हणेल, आता खाटा वाढवाव्या, नवी इमारत बांधावी, मोठे रुग्णालय करावे. पण या दोघांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. जुलाब होऊन सुकलेले मूल बरे करून पाठवले, की काही दिवसांनी तेच मूल तसेच परत येते. येणाऱ्यांतले बहुसंख्य आजार मुळात टाळता येण्यासारखे, गढूळ पाण्याचे, उपासमारीचे, अज्ञानाचे. म्हणजे आपण जन्मभर असेच राबलो तरी रांग काही कमी होणार नाही.

तेव्हा ते अमेरिकेत गेले, तिथल्या रुग्णालयांत शिकले, आणि १९७० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. त्या काळी असा डॉक्टर अमेरिकेत राहिला असता तर त्याला काय कमी होते? मोटार, बंगला, मुलांना उत्तम शाळा. ते परत आले. परत आले तेही वडाळ्याच्या चालत्या दवाखान्यात नव्हे, तर जामखेडला. ज्याला जिल्ह्यातल्या नोकरदारांनी बदलीच्या भीतीने नाव ठेवावे, असा तो दुष्काळी तालुका. १९७० सालीच तिथे काम सुरू झाले.

इथपर्यंतची गोष्ट त्यागाची म्हणून सांगितली जाते, आणि मला तिथेच थांबणे पटत नाही. आरोळ्यांनी थकून काम सोडले असे मुळीच नाही. जामखेडला ते वडाळ्याहून जास्तच राबले असतील. त्यांनी सोडले ते दुसरेच. सगळे काम डॉक्टरच्याच हातून व्हावे, हा मान सोडला. गावाने निवडून दिलेल्या बायका, पुष्कळशा निरक्षर, कैक दलित वस्तीतल्या, त्यांना जामखेडला बोलावून शिकवले. बाळंतपण कसे करावे, बाळाचे वजन कसे घ्यावे, जुलाब लागले तर मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे. मोठ्या शिकलेल्या माणसाने आपली विद्या अशी वाटून टाकणे याला धाडस लागते. कारण मग आपल्यावाचून अडत नाही. त्या बायकांनी काय केले ते आकड्यांत सांगायचे तर, प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत ते प्रमाण ५२ वर आले. १९७९ साली पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. काम जामखेडला पुढे चालू राहिले. ते एका माणसाच्या खांद्यावर ठेवलेलेच नव्हते.

चंद्रपूर-गडचिरोलीकडचे वाचक इथे डॉ. अभय बंग यांची आठवण काढतील. तेही हॉपकिन्सचेच. ते आणि डॉ. राणी बंग परत येऊन गडचिरोलीत राहिले. त्यांची कथा थोडी निराळी आहे आणि म्हणून उपयोगी आहे. काम आवडीचे, जागा स्वतः निवडलेली, तरीही १९९५ साली, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, अभय बंगांना हृदयविकाराचा झटका आला. पुढे त्यांनी त्यावर 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिले. आवडीचे काम करणारा करपत नाही, असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे नाही. आवडीच्या कामात तर माणूस थांबतच नाही. गावच्या वाचनालयात पुस्तक असेल तर काढून वाचा, घरात कुणी छातीवर हात ठेवू लागण्याच्या आधी.

एखादे गावही नको म्हणू शकते. नगरजवळच्या हिवरे बाजारला एम. कॉम. झालेले, क्रिकेटचे वेड असलेले पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. शिकलेल्या मुलाने शहरात नोकरी धरायची सोडून सरपंचकी करावी, हे तेव्हा कुणालाही खुळेपणाचे वाटावे असेच होते. त्या गावाने पुढे जे नियम केले त्यात शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत, हे होते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात उसाला नको म्हणायचे! दरवर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून, पाणी असेल तेवढेच पीक. पोपटरावांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. तो मान चांगलाच. पण त्याआधी कैक वर्षे गावाने हाताशी आलेले उसाचे पैसे सोडले, ते मला जास्त मोठे वाटते.

नको कुणी म्हणावे

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांचे आणि पुढाऱ्यांचे ठीक आहे, आमच्यासारख्यांनी आलेली लक्ष्मी परत कशी पाठवावी? प्रश्न रास्त आहे. सोसायटीचे कर्ज थकले आहे, मुलीचे लग्न तोंडावर आहे, विहिरीने तळ गाठला आहे, अशा घराला नको म्हणण्याची चैन परवडत नाही. त्याने मिळेल ते काम घ्यावे, बदली घ्यावी, दोन वर्षे कळ काढावी. त्याला कुणी समाधानाचे धडे देऊ नयेत. हा लेख त्याच्यासाठी नाही. ज्याचे पोट भरते आहे, देणे आवाक्यात आहे, आणि तरी केवळ "लोक काय म्हणतील" म्हणून जो दुसरा, तिसरा बहार धरू पाहतो, त्याच्यासाठी आहे.

दुसरी गोष्ट लेकीसुनांची. सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला मुख्याध्यापकपद येते आहे, आणि घरचे म्हणतात, "कशाला दगदग? नको म्हणून लिहून दे." वाचकहो, हा नकार तिचा नव्हे, तुमचा आहे! तिच्या दगदगीची एवढी काळजी असेल तर सकाळच्या धारेला दुसरा हात लावा, भाकरी कुणीतरी दुसऱ्याने थापा, आणि मग तिला विचारा की पद हवे की नको. कदाचित ती होय म्हणेल. कदाचित वर्गात पोरांना शिकवण्यातच तिचा जीव आहे, हजेरीपटात आणि अहवालांत नाही, आणि म्हणून ती नको म्हणेल. दोन्ही उत्तरे मानाची. ज्याच्या अंगावर काम पडणार, त्यानेच होय किंवा नको म्हणायचे.

बँकेतल्या त्या मुलाकडे वळू. त्याने आणि त्याच्या वडिलांनी एका रात्री कंदिलाखाली बसायच्या ऐवजी (आता कंदील कुठला म्हणा, लोडशेडिंग असले तरच) विजेच्या दिव्याखाली बसून कागदावर हिशेब मांडावा. वाढणारा पगार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला परगावच्या खोलीचे भाडे, दोन चुलींचा खर्च, येण्याजाण्याचे, ऊस आणि गायी सांभाळायला ठेवलेल्या गड्याचा वर्षाचा पगार, डाळिंबाच्या फवारणीला वेळेवर माणूस नसल्याने होणारे नुकसान. पुष्कळदा या बेरजा झाल्यावर वाढलेला पगार अर्ध्यावर येतो. कधी कधी नाही येत. तेव्हा जावे, खुशाल जावे. कागदावर न मांडता येणारे तेवढे मग बोलून घ्यावे: म्हातारीचे औषध कोण देणार, पोरे बापाला महिन्यातून किती वेळा पाहणार, आणि त्या मुलाला खरोखर साहेब व्हायचे आहे का. बापाने हा शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसावे. उत्तर यायला वेळ लागतो.

आणि नको म्हणायचेच ठरले तर रीतीने म्हणावे. प्रत्येक खात्याचे नियम निराळे असतात. केंद्र सरकारच्या नोकरीत बढती नाकारली तर एक वर्षभर नवा देकार येत नाही, आणि तेवढ्यात पुढे गेलेला कनिष्ठ सहकारी ज्येष्ठतेत कायमचा पुढे राहतो. पद न बदलता ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देण्याची जी योजना असते, तिच्यावरही बढती नाकारल्याचा परिणाम होतो, आणि त्याचा फटका निवृत्तिवेतनापर्यंत पोहोचू शकतो. बँकांचे, जिल्हा परिषदेचे नियम त्यांच्या त्यांच्या आस्थापना शाखेत जाऊन, परिपत्रक डोळ्यांनी वाचून समजून घ्यावे. चहाच्या टपरीवरच्या सांगण्यावर जाऊ नये. हे नुकसान कळून, सोसायचे ठरवून मग अर्ज करावा. अर्ज मुदतीच्या आत द्यावा. कारणे थोडक्यात लिहावी, साहेबांवर वा खात्यावर राग काढू नये, कारण उद्या काम त्यांच्याबरोबरच करायचे आहे. तोंडी नकार देऊ नये. अर्जाच्या दोन प्रती कराव्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी, आणि ती प्रत सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर घरच्या पेटीत ठेवून द्यावी.